उन्हानं विटलेलं, कामानं झिजलेलं

विमानाची प्लास्टिकची प्रतिकृती जोडून झाली, रंगवून झाली, राउंडेल म्हणजे वायुदलाची गोल चिन्हं आणि क्रमांक चिकटले, की मॉडेलकारांचा खरा वाद तिथून सुरू होतो. विमान नवंकोरं ठेवायचं की वापरलेलं दाखवायचं? वापरलेलं दाखवायचं तर किती? टवके कुठे काढायचे, धुराची काजळी कुठवर ओढायची, आणि पंखांवरची चिन्हं भोवतालच्या रंगाइतकीच विटवायची की थोडी ताजी ठेवायची? युरोप-अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या छांदिष्टांनी या प्रश्नांची पुष्कळ उत्तरं शोधली आहेत. भारतीय वायुदलाच्या विमानांना मात्र ती जशीच्या तशी लागू पडत नाहीत. आपलं ऊन वेगळं, पाऊस वेगळा, धूळ वेगळी आणि युद्धाच्या तोंडावर रंग लावायची घाईही वेगळी होती. मी सातारा जिल्ह्यातल्या मेढ्यात राहून ही मॉडेलं करतो, त्यामुळे ऊन आणि पाऊस हे दोन्ही विषय माझ्या टेबलावर आपसूकच येतात.

आधी जुन्या वादाकडे पाहू. विमान शोरूममधून आल्यासारखं स्वच्छ ठेवायचं, ही पहिली पद्धत. प्रत्यक्षात वायुदलं आपली विमानं धुतात, पुसतात, जपतात, असं तिचे पुरस्कर्ते म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. बेल्जियमचे फ्रांस्वा व्हेर्लिंडेन यांनी गेल्या शतकाच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत दुसरी वाट रुळवली. पातळ गडद रंग खोबणींमध्ये सोडायचा, त्याला वॉश म्हणतात. जवळजवळ कोरड्या ब्रशनं उंचवट्यांवर फिकट रंग घासायचा, तो ड्रायब्रश. पुढे स्पेनमधल्या मॉडेलकारांनी, विशेषतः मिग हिमेनेस यांनी, ही वाट आणखी पुढे नेली. प्रत्येक पत्र्याच्या मधोमध उजळ आणि कडेला गडद, तेलरंगाचे ओघळ, टवक्यांची गर्दी अशी ठसठशीत शैली त्यातून आली. तिचं मूळ रणगाड्यांच्या मॉडेलांत आहे. चिखलात लोळणाऱ्या पोलादी यंत्राला ती शोभते. विमानावर ती आली तेव्हा मात्र एक मोठी गफलत सोबत आली. विमानाचा बहुतेक पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि तो तांबूस गंजत नाही. पंखावरून खाली उतरणारे गंजाचे तपकिरी ओघळ ज्या मॉडेलवर दिसतात, ते कितीही सफाईनं केलेलं असो, माझ्या मते चुकलेलं असतं. तपकिरी छटा शोभते ती पोलादी भागांवर, म्हणजे जुन्या पिस्टन इंजिनांच्या धुराच्या नळ्यांवर किंवा तापलेल्या पत्र्यावर.

याला जोडूनच एक मुद्दा नेहमी येतो, तो लहान आकारात रंग फिका दिसण्याचा. लांबून पाहिलेली वस्तू मधल्या हवेमुळे फिकट दिसते, म्हणून मॉडेलच्या रंगात थोडा पांढरा मिसळावा, असं सांगतात. ब्रिटिश मॉडेलकार इयान हंटली यांच्या नावानं प्रमाणही सांगितलं जातं. १/७२ आकाराच्या मॉडेलला सुमारे १५ टक्के, १/४८ ला १०, १/३२ ला ७. सुरुवातीला हे प्रमाण उपयोगी पडतं. पण तोच पांढरा लाल आणि केशरी रंगांत टाकला की ते गुलाबी होतात, म्हणून चिन्हांच्या बाबतीत ते आंधळेपणानं वापरू नये. केशरीत मी पांढऱ्याऐवजी किंचित पिवळसर बदामी मिसळतो.

आता मुळाशी जाऊ. रंग उडतो म्हणजे नेमकं काय होतं? रंगाच्या थरात दोन गोष्टी असतात. एक रंगद्रव्याची पूड आणि दुसरा तिला धरून ठेवणारा बांधक. उन्हातल्या अतिनील किरणांनी बांधक तुटत जातो, चकाकी जाते, पूड मोकळी होते आणि पृष्ठभाग खडूसारखा भुरा होतो. त्याच वेळी काही रंगद्रव्यंही फिकी पडतात. गेरू म्हणजे लोहाचा ऑक्साइड, तो शेकडो वर्षं टिकतो. क्रोमियमचा हिरवाही चिवट. सेंद्रिय लाल, केशरी आणि पिवळी द्रव्यं मात्र बरीच नाजूक असतात. मेढ्याच्या आगारात उभ्या असलेल्या जुन्या एसटीकडे नीट पाहिलं तर हे सगळं एका पत्र्यावर वाचता येतं. छताच्या कडेला आणि खांद्याशी लाल रंग गुलाबीकडे झुकलेला असतो, तिथे बोट फिरवलं तर बोटाला पूड लागते. खिडकीच्या पन्हाळीखालचा भाग जरा गडद असतो. आणि मध्येच एखादा बदललेला पत्रा ताज्या लालभडक रंगात उठून दिसतो. विमानावर हेच घडतं. फक्त तिथे पत्रे जास्त, उंची जास्त आणि रंगही अनेक.

यातून एक धडा सरळ निघतो. विमानावरचे सगळे रंग एकाच वेगानं विटत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवरच्या अमेरिकी नौदलाच्या कॉर्सेअर विमानांचा निळा रंग उन्हानं आणि प्रवाळाच्या पांढऱ्या धुळीनं भुरा पडला. जपानी विमानांचा गडद हिरवा रंग तर पुष्कळदा नुसत्या धातूवर थेट दिलेला असे. तो फिका होण्याआधीच मोठमोठ्या पोपड्यांनी निघायचा. त्या युद्धात दोन बाजूंची विमानं एकाच आभाळाखाली दोन वेगळ्या रीतींनी म्हातारी झाली. मॉडेल करणाऱ्यानं आधी विचारावं ते हे: या विमानाचा रंग विटला, निघाला, की झिजला?

इथे मला जे म्हणायचं आहे ते ठामपणे मांडतो. आपल्याकडे बहुतेक जण भारतीय लढाऊ विमान जवळून पाहतात ते प्रदर्शनात किंवा चौथऱ्यावर उभं असलेलं. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एचएफ-२४ मारुत आहे. पुण्यात लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात मिग-२३ बीएन आहे. गोव्यात दाबोळीजवळ नौदलाच्या हवाई संग्रहालयात सी हॉक, अलिझे आणि सी हॅरिअर उघड्यावर उभी आहेत. या विमानांचे फोटो काढून मॉडेल रंगवण्याची चाल आहे आणि ती घातक आहे. ही विमानं उभी राहून म्हातारी झालेली असतात. ऊन एकाच बाजूनं येतं, पावसाचं पाणी एकाच वाटेनं ओघळतं, टायर बसतात, कॅनॉपी पिवळी पडते, आणि मध्येच कुणीतरी दुकानातल्या चकचकीत एनॅमलचा हात देऊन जातं. त्यात राउंडेलचे रंगही ढोबळ होतात. कामावर असलेलं विमान वेगळ्या रीतीनं जुनं होतं. इंधन भरताना सांडलेलं केरोसीन टाकीच्या झाकणामागे ओघळतं. मेकॅनिक रोज जिथे पाय ठेवतात तिथे पंखाच्या मुळाशी रंग घासला जातो. उघडझाप होणाऱ्या झाकणांच्या स्क्रूभोवती टवके उडतात. तोफांच्या तोंडामागे काजळी साठते. आणि हे सगळं उडत्या विमानाच्या वाऱ्यात मागच्या दिशेनं पसरतं. उभ्या विमानाचे ओघळ खाली जातात, उडत्या विमानाचे मागे. दोन्ही खुणा एकाच मॉडेलवर आल्या की जाणकार डोळ्याला ती विसंगती लगेच खटकते.

भारतीय वायुदलाच्या इतिहासात चिन्हांचाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, म्हणून तिथे थोडं थांबतो. वायुदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची आणि सुरुवातीची चिन्हं ब्रिटिशांची. महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी लाल सूर्यगोलाशी गल्लत होऊ नये म्हणून राउंडेलमधला लाल मध्य काढून टाकला गेला आणि गडद निळा व फिकट निळा एवढंच उरलं. अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या स्क्वाड्रनची हरिकेन विमानं १९४४ मध्ये इंफाळहून लढली ती याच काळात.  या काळाचं मॉडेल करताना लक्षात ठेवायचं ते असं की जुनं चिन्ह खरवडून काढत नसत, वरून नवा रंग देत. त्यामुळे भोवतालचा हिरवा-तपकिरी रंग उन्हानं विटलेला आणि राउंडेल व त्याच्या कडेचा ठिगळासारखा पट्टा ताजा, असा उलटा प्रकार होतो. चिन्ह सगळ्यात जास्त विटलेलं दाखवणं इथे चुकतं. हरिकेनच्या मर्लिन इंजिनाच्या धुराचा डागही केवळ काळा नसतो. इंधनातल्या शिशामुळे लांबच्या उड्डाणानंतर तो करडा-बदामी होतो.

स्वातंत्र्यानंतर थोडा काळ निळ्या अशोकचक्राचं राउंडेल आलं आणि २६ जानेवारी १९५० पासून केशरी-पांढरा-हिरवा गोल. पुढची पंधराएक वर्षं जेट विमानं बरीचशी चंदेरी होती. तुफानी आणि नॅट नुसत्या धातूच्या झळाळीत उडत, मिग-२१ आली तीही तशीच. चंदेरी विमानावर विटणं दाखवायला जागा फार कमी. तिथे धातूच्या वेगवेगळ्या पत्र्यांच्या छटा, जोडांजवळची काळपट रेघ आणि थोडं इंधन एवढंच पुरे. याच काळात तिरंगी चिन्ह सगळ्यात उठून दिसतं. म्हणून केशरी जरा उतरलेला दाखवला तरी चालेल, पण हिरवा जवळजवळ जसाच्या तसा ठेवावा.

मग आलं १९६५. ६ सप्टेंबरला पठाणकोटवर आणि दुसऱ्या दिवशी कलाईकुंडावर झालेल्या हल्ल्यांत जमिनीवर उभी असलेली विमानं जळाली. चमकणारं विमान वरून सहज दिसतं, हे त्यातून पक्कं समजलं आणि चंदेरी विमानांवर हिरव्या-तपकिरी रंगाचे पट्टे चढू लागले. १९७१ पर्यंत मिग-२१ एफएलवर तळांवरच्या माणसांनी स्वतः दिलेला छद्मरंग दिसू लागला, काही ठिकाणी ब्रशनं, काही ठिकाणी फवाऱ्यानं. एका स्क्वाड्रनची तऱ्हा दुसऱ्यासारखी नाही, आणि एकाच स्क्वाड्रनमधल्या दोन विमानांचे पट्टेही जुळत नाहीत. भारतीय मॉडेलकाराला याहून चांगला विषय मिळणार नाही, असं मला मनापासून वाटतं. कारण इथे रंगाची झीज विमानाची खरी गोष्ट सांगते. धातूवर घाईनं लावलेला रंग नीट धरत नाही. झाकणांच्या कडा, पंखाची पुढची धार, नाकाच्या शंकूमागची कड इथून खालचं चंदेरी डोकावतं. ब्रशच्या फटकाऱ्यांत जाड-पातळ थर राहतात आणि पातळ थर आधी भुरा होतो. पत्रे एका विमानावरून दुसऱ्यावर गेले की पट्टा मध्येच तुटतो.

हा परिणाम मॉडेलवर कसा आणायचा? माझी रीत सांगतो. आधी संपूर्ण मॉडेल चंदेरी करायचं आणि कडक वाळू द्यायचं. त्यावर दुकानात मिळणारा हेअरस्प्रे पातळ फवारायचा. मग ॲक्रिलिक हिरवा आणि तपकिरी, मुद्दाम असमान, काही ठिकाणी खरोखरच बारीक ब्रशनं. रंग हाताला कोरडा लागला, पण पूर्ण कडक झाला नाही, तोवरच कोमट पाण्यानं भिजवलेला आखूड केसांचा ब्रश झाकणांच्या कडांवर हलकेच टेकवायचा. हेअरस्प्रे विरघळतो, रंगाचा कण सुटतो, खालून धातू दिसतो. ज्यांना बारीक, विखुरलेले टवके हवेत त्यांनी मीठ वापरावं. ओल्या पृष्ठभागावर मिठाचे दाणे, वरून रंग, मग घासून मीठ काढायचं. मात्र मिठाचे टवके गोलसर येतात आणि १/७२ मध्ये ते प्रमाणाबाहेर मोठे दिसतात. लढाऊ जेटला हेअरस्प्रेच बरा.

धुळीचा रंगही ठरवून घ्यावा लागतो. १९७१ मध्ये १० आणि २२० क्रमांकांच्या स्क्वाड्रनची मारुत विमानं जोधपूर आणि उत्तरलाईहून उडाली. तिथली वाळू फिकट पिवळसर. ५ डिसेंबरच्या सकाळी लोंगेवालावर गेलेली हंटर जैसलमेरची, तिथेही वाळवंटच. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर हल्ला करणारी मिग-२१ आसामकडून गेली होती, तिथली माती काळसर आणि ओली. गोव्याच्या दाबोळीवर जांभ्याची तांबडी धूळ. कॅमलच्या सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या पॉलिश पेपरवर घासून ही धूळ घरच्या घरी तयार होते.  आपल्याकडे विमानाच्या मॉडेलवर मायदेशातली माती चढवायला परदेशी बाटल्यांची गरज नाही. चाकांवर, पोटाखाली आणि चाकांच्या दारांच्या आतल्या बाजूला ती लावावी. पंखांच्या वर लावू नये, कारण विमान उडालं की वरची धूळ टिकत नाही.

हंटर आणि मारुत या दोन्ही विमानांत ३० मिलिमीटरच्या चार-चार एडन तोफा. हंटरच्या नाकाखाली तोफांच्या तोंडापासून मागे काजळीचा पट्टा पसरतो आणि तो दर उड्डाणानंतर पुसला तरी पूर्ण जात नाही. पुसल्याच्या खुणा दाखवणं मला काजळी दाखवण्याहून जास्त मोलाचं वाटतं. त्या खुणांत माणसाचा हात दिसतो.

नौदलाची गोष्ट वेगळी. विक्रांतवरच्या सी हॉक विमानांनी १९७१ मध्ये कॉक्स बाझार आणि चितगाववर हल्ले केले. वरून गडद करडी, खालून फिकट अशी ही विमानं खाऱ्या वाऱ्यात राहिली. मीठ ॲल्युमिनियम पोखरतं, म्हणून नौदलात गंजरोधक रंगाचे ठिगळ सतत लावले जातात. विटलेल्या करड्यावर ताज्या करड्याचे चौकोन, वाटोळे, वेडेवाकडे ठिगळ. सी हॅरिअर मे २०१६ मध्ये निवृत्त झाली, तोवर तिच्या करड्या रंगावरही हेच चालू होतं. इथे टवके जवळजवळ नकोत, ठिगळ हवेत.

चिन्हं विटवण्याची कला मात्र अजून मागे आहे. बहुतेक मॉडेलवर शरीर उन्हातान्हातलं आणि डिकॅल, म्हणजे चिकटवायचं छापील चिन्ह, छापखान्यातून कालच आलेलं, अशी स्थिती असते. त्यावर तीन उपाय प्रचलित आहेत. डिकॅल बसल्यावर भोवतालचा मूळ रंग अगदी पातळ करून त्यावरून एअरब्रशचा हलका धूर फिरवायचा. हा सोपा आणि जवळजवळ नेहमी यशस्वी होतो. दुसरा उपाय म्हणजे अतिबारीक पॉलिश पेपरनं डिकॅल ओला घासायचा. तो पत्र्यांच्या जोडांवर आणि रिव्हेटवर आपोआप झिजतो, पण हात जरा जड पडला की गेला. तिसरा उपाय सगळ्यात कष्टाचा आणि सगळ्यात खरा. चिन्ह मास्किंग टेप कापून रंगानंच काढायचं, म्हणजे ते शरीरासोबत सारखंच झिजतं. तिरंगी गोलाला मी हाच वापरतो. केशरी थरात वरच्या बाजूला थोडा फिका केशरी, पांढऱ्यात किंचित करडा, हिरवा जवळजवळ मूळचा. क्रमांकाचे काळे आकडे पूर्ण काळे ठेवू नयेत, अगदी गडद करडे ठेवावेत.

पुराव्यांची अडचणही आहे. १९७० च्या दशकातले रंगीत फोटो कागदावर छापलेले असतील तर त्यांतले रंगच बदललेले असतात. निळसर रंगद्रव्य आधी उडतं आणि फोटो लालसर होतो. असा फोटो पाहून विमान तपकिरी ठरवलं जातं, प्रत्यक्षात ते हिरवं असतं. म्हणून एका फोटोतला रंग थेट उतरवू नये, नातं पाहावं. त्याच फोटोत झाड, गणवेश किंवा टायर असेल तर त्याच्या तुलनेत विमानाचा रंग मोजावा. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काळ्या-पांढऱ्या फिल्मवर लाल आणि केशरी फार गडद येतात, हेही लक्षात ठेवावं.

शेवटी मेढ्यातल्या कामाबद्दल. केळघर घाटाकडून पाऊस उतरला की वेण्णेच्या खोऱ्यात महिनोन्‌महिने हवा ओली असते. अशा हवेत लॅकरचा चकचकीत थर फवारला की तो दुधाळ पांढरा होतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. कंप्रेसरच्या नळीतलं पाणी वेगळं काढणारा ट्रॅप इथे चैनीची नव्हे, गरजेची वस्तू आहे. मी चकचकीत थर आणि डिकॅलचं काम मार्च ते मे महिन्यांत उरकतो. पावसाळ्यात तेलरंगाचे वॉश आणि पेस्टल, कारण त्यांना घाई नसते. पिवळे पडलेले जुने डिकॅल वापरायचे असतील तर उन्हाळ्यात खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवायचे. ऊन त्यांचा पिवळेपणा खातं. पण छापलेल्या केशरीवरही लक्ष ठेवावं लागतं, कारण तोही उतरू शकतो.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. १९६३ पासून उडणारी, ओझरच्या कारखान्यातही घडलेली ही विमानं आता हळूहळू चौथऱ्यांवर जातील आणि तिथे त्यांना नवा चकचकीत रंग मिळेल. ज्यांना जवळ जाण्याची संधी मिळेल त्यांनी त्याआधी फोटो काढून ठेवावेत. पूर्ण विमानाचे फोटो पुष्कळ आहेत. हवेत ते पंखाच्या मुळाचे, चाकाच्या दाराच्या आतल्या बाजूचे, झाकणांच्या स्क्रूंचे, राउंडेलच्या कडेचे, सावलीत, फ्लॅशशिवाय, आणि शेजारी पांढऱ्या कागदाचा एक तुकडा धरून.